फळीला फुगायला जागा

नवीन होडी घेतलेला माणूस भेटायला आला की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो. हातात रंगाचा डबा असला की माझं डोकं उठतं. होडी दारात आली रे आली की प्रत्येकाला पहिल्यांदा रंग द्यायचा असतो आणि वर नाव घालायचं असतं. पाण्याचं, लाकडाचं, दोराचं नंतर बघू म्हणतात. ते नंतर कधी उजाडत नाही आणि मग मला बोलावणं येतं.

या अंकाच्या संपादकांनी मला पत्र लिहून कळवलं की शिडाची होडी नव्यानं घेणाऱ्यानं तिची निगा कशी राखावी, कोणते प्रश्न विचारावेत, असं काहीतरी सोपं आणि उपयोगी लिहा. त्यांच्या मेहुण्यांनी म्हणे मुंबईच्या बंदरात एक होडी घेतली आहे. मेहुण्यांचं भलं होवो. सोपं लिहीन, उपयोगीही लिहीन, पण गोड लिहिता येईल असं वाटत नाही.

नंदुरबारकडचा सुतार आणि शिडाच्या होड्या, हे ऐकून लोक हसतात. आमच्याकडे समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तापी आमची आहे. माझं तरुणपण गुजरातच्या खाडीवर गलबतं बांधणाऱ्यांच्या हाताखाली गेलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आलो आणि इथेच अडकलो. मग आमच्या पट्ट्यात ज्याला ज्याला होडीची हौस आली तो माझ्याकडेच आला, कारण दुसरा कोणी नव्हताच. जिनवाले शेट आले, वकील आले, रेल्वेतले साहेब आले. ही हौस साधारण दोन हंगाम टिकते आणि तिसऱ्या हंगामात होडीत कोंबड्या बसतात.

शिडाची काळजी कशी घ्यायची, हा ठरलेला प्रश्न. गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, सैल घडी घाला. एवढंच आहे. एका रेल्वेच्या साहेबांना मी हे सांगितलं होतं आणि त्यांनी मानही डोलावली होती. आषाढात त्यांनी ओलं शीड पत्र्याच्या ट्रंकेत दाबून भरलं आणि दसऱ्याला उघडलं. कापड मुठीमुठीनं बाहेर आलं. त्यांनी मला विचारलं ते काय, तर हे कापड कोणत्या दुकानातलं होतं, त्या दुकानदाराला चांगलं फैलावर घेतो.

होडी बांधायची कशी, हा दुसरा. दोर लांब सोडा, नदी चढली तर होडीलाही चढता आलं पाहिजे. धुळ्याच्या एका वकिलांनी होडी खुंट्याला अगदी जवळ, घट्ट आवळून बांधली. रात्रीतून पूर आला, पाणी चढलं, दोर आखूड, होडी वर येईना. ती जागच्या जागी भरली आणि खाली गेली. वकिलांनी मला दोनदा सांगितलं की गाठ मात्र सुटली नव्हती. मी म्हटलं, बरं झालं.

असल्या गोष्टी सांगून मी पुष्कळ हशा मिळवला आहे. पण एका प्रश्नावर मला कधीच हसू आलं नाही. तो असा: सांध्यांतून पाणी येतं, त्यात काय भरू?

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगतो. होडीच्या फळ्या शेजारीशेजारी बसवलेल्या असतात आणि आतून लाकडाच्या बरगड्यांना खिळलेल्या असतात. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगलं की फळीला फळी भिडते आणि सांधा आपोआप मिटतो. होडी कोरडी राहिली की लाकूड आकसतं आणि फटी पडतात. आपल्याकडे गाडीचं चाक उन्हाळ्यात खिळखिळं झालं की शेतकरी गाडी नदीत उभी करतो, तोच प्रकार. म्हणून होडी पाण्यातच ठेवावी. चुकून वाळलीच, तर फटींना हात लावू नये. उथळ पाण्यात नेऊन तिच्यात पाणी भरावं आणि ती तशीच तळाला बसू द्यावी. थोडे दिवस गेले की ती स्वतःच मिटते. त्यानंतर जिथे झिरपत असेल तिथे सुताचा मऊ पिळा हलक्या हातानं बसवावा आणि वरून राळ लावावी. हलक्या हातानं, हे मी मुद्दाम लिहितो आहे. फळीला फुगायला जागा ठेवावी लागते.

हे ऐकायला सोपं आहे. करायला कोणाचं मन होत नाही, कारण आपली नवी, रंगवलेली होडी पाण्याखाली बसलेली बघवत नाही.

चंपालाल शेटनाही बघवलं नाही. त्यांची नंदुरबारात कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायची गिरणी, होती. मूळचं घराणं मारवाडातलं, पण तीन पिढ्या इथे गेल्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला तसं वाटलं तर ते त्याचं त्यानं बघावं. सुरतेला एका नातेवाइकाकडे त्यांनी शिडाची होडी पाहिली आणि तिथल्या तिथे विकत घेतली. ती आगगाडीच्या उघड्या डब्यातून नंदुरबारला आली. तिथून दोन बैलगाड्या एकापुढे एक जोडून, तिच्यावर फुलांची माळ घालून, कोरीट गावाच्या अंगानं तापीवर नेली. रस्त्यात धानोऱ्याकडून आलेल्या गाड्या थांबून लोक बघत होते. एका म्हातारीनं तर देवाची पालखी समजून हात जोडले.

होडी चालवायला वेस्ता मिळाला. वेस्ता पावरा, म्हसावदच्या वर डोंगरात त्याचं घर. लहानपण नर्मदेकाठी आजोळी गेलेलं, त्यामुळे एका खोडातून कोरलेली डोंगी तो चालायला लागण्याआधीपासून वल्हवत असावा. दर वर्षी कापूस निघाला की बायकोला घेऊन खाली यायचा, जिनमध्ये गठ्ठे उचलायचा, पुढे कोणाच्या तरी ऊसतोडीला जायचा, आणि पावसाच्या तोंडावर डोंगरात परतायचा. मी त्याला शीड शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, दोर कुठे ओढायचा ते दाखवलं. वारा त्याला माझ्याआधी कळायचा.

शेटना तो आवडला. त्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला की हे वर्ष नीट गेलं तर पावसाळ्यात हीच होडी पैलतीराच्या उतारूंसाठी लावू, आणि नावाडी वेस्ता. काठावर झोपडीला जागाही दाखवली. त्या दिवशी वेस्ता मला म्हणाला, "मिस्तरी, मंग आमले दर साल हिंडनं नही. एकच चूल." त्याच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच, तो शेटनाही अरेतुरे करायचा आणि शेट हसायचे. बायकोनं, रेलकीनं, त्याच आठवड्यात त्या जागेवर शेण सारवून चूल मांडली. झोपडी उभी राहायच्या आधी चूल होती.

हिवाळा छान गेला. मी फाल्गुनात कामासाठी सुरतेकडे गेलो. जाताना शेटना सांगितलं, होडी पाण्यात राहू द्या. वेस्तालाही सांगितलं. पण ऊन तापायला लागलं तसे शेट अस्वस्थ झाले. रंग करपेल, फळ्या तडकतील. त्यांनी मायेनंच होडी उचलून जिनच्या पत्र्याच्या छपराखाली ठेवली. रोज फडक्यानं पुसायला माणूस ठेवला. वेस्तानं नको म्हटलं तर म्हणाले, "अरे, घोडाले सावलीमा बांधतस, हाई तर माल शे." चैत्रातला आमचा वारा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. होडीच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. शेटची लेक मारवाडात दिलेली, लग्नाला वर्ष झालेलं. ती आली आणि या खेपेला तिचे सासू-सासरेही आले. व्याह्यांना, आमच्या बोलीत याहींना, होडीत बसवायचं, हे शेटनी पत्रातून कळवून ठेवलं होतं. फटी बघून शेटचा घाम निघाला. त्यांनी गोविंदा सुताराला बोलावलं.

गोविंदाइतका चांगला गाडीसुतार मी पाहिला नाही. त्याची चाकं वीस वर्षं कुरकुरत नसत. पण त्यानं आयुष्यात होडी बांधली नव्हती. चाकातला आरा सैल झाला की पाचर ठोकायची, हे त्याच्या हातात बसलेलं. जिनमध्ये कापसाला तोटा नव्हता. त्यानं उत्तम प्रतीचा कापूस पिळून, मोगरीनं ठोकून ठोकून प्रत्येक फटीत दगडासारखा बसवला. जिथे फट मोठी होती तिथे बाभळीच्या पातळ पट्ट्या मारल्या. वरून राळ, त्यावरून रंग. मी सुरतेहून आलो आणि थेट जिनवर गेलो, तेव्हा होडी नवरीसारखी सजून उभी होती.

मी नखानं एक सांधा दाबून बघितला. नख जाईना.

"हाई समदं काढनं पडी," मी म्हटलं. "काढी टाका, आन् होडी पाणीमा बसाडा. आठेक दिन."

"आठ दिन?" शेट म्हणाले. "याही परवा होडीमा बठनार शेतस, मिस्तरी. त्यासले काय सांगू, होडी पाणीखाल बसाडेल शे?"

गोविंदानं घागर उचलली आणि होडीत ओतली. सगळे वाकून खाली बघायला लागले. एक थेंब आला नाही.

"दखं?" गोविंदा म्हणाला. "आते काय काढतस?"

"गोविंदा, लाकूड पाणी पिसन फुगी. तू त्याले जागाच ठेवेल नही. मंग ते कोठे जाई?"

"चाक फुगस ना नदीमा? फुटस का?"

"चाकले बाहेरथीन लोखंडनी धाव ऱ्हास. ती धरी ठेवस. होडीले बाहेरथीन कोन धरी?"

गोविंदानं रिकामी घागर खाली ठेवली. त्याला समजलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्याच्या चार दिवसांच्या मेहनतीवर सगळे खूश होते आणि शेट त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. शेट मला म्हणाले, "मिस्तरी, तू सुरतले जास, तठेना ऱ्हास. घरना माणूसनं काम तुले दखावत नही." मला मत्सर वाटतो, असं त्यांना म्हणायचं होतं. नाकाला मिरची झोंबली आणि मी तिथून निघालो. गेटपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा तेच सांगितलं.

आखाजीला होडी पाण्यात गेली. तळ कोरडा ठणठणीत. व्याह्यांनी शेटचं कौतुक केलं, शेटनी गोविंदाचं. मी काठावर उभा होतो, तर एकानं मला मुद्दाम हाक मारून विचारलं, "मिस्तरी, पाणी कोठे शे?"

पाणी लाकडात होतं. पुढचे दोन-तीन दिवस होडी तशीच डोहात उभी होती आणि पीत होती. एका दुपारी वेस्ता माझ्या घरी आला. बसला नाही. म्हणाला, "मिस्तरी, ती बोली ऱ्हायनी."

"काय बोलस?"

"टक. मंग गुपचूप. मंग पुन्हा टक. आतली बरगडी बोलस."

आम्ही दोघं शेटकडे गेलो. पाहुण्यांचं जेवण चाललं होतं, म्हणून ओसरीवर थांबलो. शेट बाहेर आले, सगळं ऐकलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "याहीनसमोर हाई बोलू नका. उद्या ईहीनबाई बठनार शे, मंग त्या जातीन. मंग तुम्हीन सांगशात ते करसू." वेस्ता म्हणाला, उद्या नको. शेट त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुले पावसायामा नाव चलाडनी शे ना?" वेस्तानं माझ्याकडे बघितलं. त्याची चूल तिथे मांडलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारचा पश्चिमेचा वारा सुटल्यावर होडी निघाली. आत शेट, व्याही, विहीणबाई, शेटची लेक आणि वेस्ता. मी काठावर होतो. डोहाच्या मध्यावर आवाज झाला, मोठी फांदी मोडावी तसा. कुठे धक्का बसला नव्हता, होडी अडकली नव्हती, शीड तसंच भरलेलं होतं. मग एकदम सगळे उभे राहिले. तळाची एक फळी खिळ्यांसकट बरगडी सोडून निघाली होती.

वेस्तानं शीड खाली टाकलं, दोन्ही बाप्यांच्या हाती वल्ही दिली आणि लेकीला डोलकाठीला धरायला लावलं. विहीणबाई तोपर्यंत पाण्यात गेल्या होत्या. त्यांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली असती तर दोघंही गेले असते, म्हणून त्यानं त्यांना मागून अंबाड्याला धरलं आणि तसंच ओढत काठाला आणलं. मग परत गेला आणि लेकीला आणलं. शेट आणि व्याही वल्ह्यांना धरून तरंगत होते, त्यांना कोरीटच्या माणसांनी काढलं. कोणी मेलं नाही. संध्याकाळपर्यंत विहीणबाईंची तक्रार एकच होती, की त्या माणसानं केसांना हात लावला.

होडी दोर लावून बाहेर काढली. कडुलिंबाखाली सगळे बसले. व्याह्यांनी विचारलं, झालं कसं? शेट खाली बघत धोतराचा सोगा पिळत होते. गोविंदा जमिनीकडे बघत म्हणाला, "खडक लागना व्हई." शेटनी मान वर केली. बुडणाऱ्याला वल्हं मिळावं तसा त्यांना तो शब्द मिळाला. "हा, खडकच. यानी दखा नही."

वेस्ताला विचारलं. तो म्हणाला, "खडक नही लागना. पाणी खालथीन ऊनं."

मग मी बोललो. फळीजवळ गेलो आणि दाखवलं. खडक लागला तर फळी आत मोडते. ही बाहेरच्या बाजूला निघालेली आहे, खिळे बाहेर ओढले गेलेत, कापूस अजून तिच्या कडेला दगडासारखा चिकटलेला आहे. आतून दाब आला, बाहेरून नाही. व्याही उठून बघायला यायला लागले तसे शेट मध्ये आले. म्हणाले, पाहुण्यांचे कपडे ओले आहेत, आधी घरी चला.

मला त्यांचं दुःख कळत होतं. ज्या घरात लेक दिली त्या घरची माणसं आपल्या हौसेपायी बुडता बुडता वाचली, हे त्यांना लेकीच्या सासऱ्यासमोर कबूल करायचं होतं, आणि ते त्यांच्यानं झालं नाही. कळत होतं म्हणून माफ केलं असं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जिनवर गेलो तर होडी फोडून बॉयलरमध्ये घातली होती. बॉयलरवाला म्हणाला, ओली होती, धूर फार झाला.

खापर वेस्ताच्या डोक्यावर फुटलं आणि तिथेच राहिलं. तापीवर कुठल्याही उताराला गेला तरी लोक म्हणत, हाच तो, खडकावर घालणारा. त्याला वल्हं सोडा, बांबूही कोणी हातात देईना. मी घाटाघाटावर जाऊन सांगत फिरलो, तर लोक ऐकून घेत आणि दुसऱ्याच विषयावर बोलत. पुढच्या उन्हाळ्यात मी एकाची डोंगी मागून घेतली आणि लांब बांबू घेऊन तो सबंध डोह हात-हातभर अंतरानं तपासला. खाली वाळू. सगळीकडे वाळू. हेही मी जाऊन सांगितलं. शेट म्हणाले, "पूर ऊना व्हता, खडक वाही गया व्हई." त्या साली पूर आला नव्हता. रेलकीच्या चुलीवर तोवर गवत उगवलं होतं.

पुढे बरीच वर्षं गेली. शेटही गेले, गोविंदाही गेला. गोविंदा शेवटी शेवटी मला बघून रस्ता बदलायचा, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

मग एकदा वैशाखात मी कोरीटच्या काठावर नावेची वाट बघत बसलो होतो. डोंगराकडे परतणारी माणसं डोक्यावर बोचकी, हातात कोंबड्या घेऊन येत होती. त्यांत वेस्ता होता. म्हातारा झाला होता. मागे रेलकी होती. मी उठून त्याचा हात धरला, नावेत बस म्हटलं. तो नावेकडे बघून नुसता हसला आणि म्हणाला, चालत जातो, उताराला कमरेइतकंच पाणी आहे.

इतक्या वर्षांनी भेटला होता. मला राहवेना. "वेस्ता, तुन्ही चूक नव्हती," मी म्हटलं. "तठे खडक नव्हता."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्याची समजूत घालतोय.

"व्हता, मिस्तरी. मी दखा व्हता. कायाभोर खडक, पाणीखाल. मीच ध्यान नही दिधं."

"मी बांबू टाकीसन दखं शे. वाळू शे तठे."

"तुन्हा बांबू चुकना व्हई," तो शांतपणे म्हणाला, आणि बोट करून मला जागा दाखवली. डोहाच्या मध्यावर, नेमकी तीच.

मग त्यानं बोचकं डोक्यावर घेतलं, रेलकीचा हात धरला आणि पाण्यात उतरला. समोरचा उतार डोहाला लागून जातो म्हणून तो त्यानं सोडला. मागून येणाऱ्या पोराबाळांनाही हाका मारून आपल्या मागे घेतलं, आणि नसलेल्या खडकाला लांबलचक वळसा घालून सगळ्यांना सांभाळून पलीकडे नेलं.